एक चल वगळताना

डंडीत समुद्रावरून चढून येणाऱ्या धुक्याला
हार म्हणतात.
पहिल्या वर्षी मला वाटायचं, कुणीतरी हरलंय,
नाहीतर कुणाच्या तरी फोटोला घालायला आणलाय.
आज सकाळपासून टे नदीवरचा पूल अर्ध्यातच संपतोय
आणि इशबेल रॅट्रेच्या खुर्चीत बसून
मी तिची लायब्ररी उघडली आहे.

पुस्तकांची नव्हे. असमतांची.
दोन क्ष अधिक तीन य, बारापेक्षा जास्त नको.
य ऋण नको.
एकेक मर्यादा म्हणजे एक पातळ भिंत,
अलीकडे चालेल, पलीकडे नाही.
पुरेशा भिंती एकमेकींना टेकवल्या
की मधे उरतं ते बहुफलक:
कडा, कोपरे, आणि आत जागा,
कधी एका दिशेनं उघडीच राहिलेली,
तिच्या सहीच्या शेवटच्या अक्षरासारखी.

मर्यादा हा शब्द मी तिला घरच्या अर्थानं सांगितला होता.
ती म्हणाली, म्हणजे तुझं बालपण बहिर्वक्र होतं,
आतल्या कुठल्याही दोन बिंदूंमधली रेघ
आतच राहायची.
हो, म्हटलं. एक मावशी सोडून.

दशांश चिन्ह तिला चालत नसे.
एक तृतीयांशाला तीन तीन तीन करत
फरफटत नेणं म्हणजे लबाडी.
अपूर्णांक अपूर्णांकच ठेवा,
छेद कितीही बोजड होवो.
मग मी तिला औटकी म्हणून दाखवली,
एक औट औट, दोन औटं सात, तीन औटं साडेदहा,
शिरवळच्या शाळेत शिकले त्याच हेलात.
साडेतीनला स्वतःचं नाव!
तिनं बिस्किटांचा डबा माझ्यापुढे सरकवला
आणि एका चाचणीचं नाव ठेवलं औट.

फेब्रुवारीत ती गेली.
मार्चमध्ये यादीतून तिचं नाव निघालं.
एकच ओळ होती. मीच पुसली.

आज दुरुस्त करतेय ते फंक्शनही हेच करतं,
एक चल वगळतं.
(चल म्हणजे बदलती राशी.
चल म्हणजे ऊठ, निघू या, असंही.)
य नकोय, त्याची जमिनीवरची सावली हवीय.
तर य ला वरून दाबणारी प्रत्येक मर्यादा
खालून उचलणाऱ्या प्रत्येकीशी जोडायची,
दोघींमधून य छाटला जातो,
नवी असमता उरते, तिच्यात त्याचं नाव नाही.
वरच्या चार, खालच्या पाच:
नऊ गेल्या, वीस आल्या.
परीक्षेत लिहिलं होतं मी हे.
एक जण वजा केला की नियम वाढतात.

खिडकी उघडायची की नाही, यावर
कॅलम आणि फरीदा आता एकमेकांशी भांडतात.
पूर्वी दोघंही तिच्याशी भांडायचे.
दूध कुणी आणायचं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला
नाही कुणी म्हणायचं.
तिच्या नवऱ्याला, रॉरीला,
कुणीतरी फोन करत असेलच.

विसातल्या पुष्कळशा फालतू असतात,
बाकीच्यांतून आपोआप निघणाऱ्या.
त्या हुडकून काढायचा कोडही तिचाच,
आणि बिघाड तिथंच आहे.
सावली हवी त्याहून मोठी पडतेय.
चहा गार झाला, दुसरा झाला, मग सापडलं.
दोन मर्यादा अगदी सारख्या आल्या
तर पहिलीला वाटतं, दुसरी आहे ना,
दुसरीला वाटतं, पहिली आहे,
आणि दोघीही बाहेर पडतात.
भिंतच नाही मग तिथे.

एक ओळ बदलली: आधी एक काढ,
मग पुन्हा विचार.

सव्वापाचला चाचण्या चालवल्या. औट हिरवा.
पुलाचा आणखी एक खांब दिसत होता, किंवा नव्हता.
मी फोन लावला.
बराच वेळ वाजला.
रॉरी म्हणाला, तिनं केलेले ते पुठ्ठ्याचे आकार,
ते खिडकीतच आहेत का अजून?
आहेत, म्हटलं. धूळ बसलीय.
असू दे, म्हणाला.